उरलेले चाळीस मिलिमीटर

संपादकांना लेख हवा होता खड्ड्यांवर. ‘तुम्ही शॉकअपवाले, तुमच्याइतकं खड्ड्यांचं कोणाला कळणार?’ असं ते फोनवर म्हणाले. खड्ड्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. शिवाय खड्ड्यांनी माझं घर चालवलंय, त्यांच्याविरुद्ध लिहिताना हात आखडतो. मी म्हटलं, त्यापेक्षा खाली बसवलेल्या गाडीच्या मागच्या शॉकअपवर लिहितो. ते जरा थांबले, मग म्हणाले, ‘लिहा, पण सगळ्यांना समजेल असं लिहा.’ प्रयत्न करतो. जिथे समजणार नाही तो परिच्छेद सोडून खुशाल पुढे जावं, मी वाईट वाटून घेणार नाही. (थोडं वाटेल.)

कारण एक गाडी आहे, जी काही केल्या डोक्यातून जात नाही. पांढरी फोक्सवॅगन पोलो, इथे चाकणलाच तयार झालेली. मालक कराडचा मुलगा, हिंजवडीत नोकरीला. गाडी चाळीस मिलिमीटर खाली घेतलेली. दिसायला देखणी होती, हे मान्य केलं पाहिजे. टायर आणि मडगार्ड यांच्यामधली फट दोन बोटांवर आली की साध्या हॅचबॅकचीही बैठक बदलते. भोसरीतल्या माझ्या शेडसमोर त्याने गाडी लावली आणि उतरता उतरताच विचारलं, ‘काका, मागून दणका बसतो. कुठल्या कंपनीचे शॉकअप टाकू?’

हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं, आणि दर वेळी तो उलट्या टोकाकडून विचारला जातो. कंपनी हा प्रश्नपत्रिकेतला शेवटचा प्रश्न. पहिला प्रश्न असा: गाडी रस्त्यावर उभी असताना मागचं चाक अजून किती मिलिमीटर वर जाऊ शकतं? याचं उत्तर कोणाकडेही नसतं. मुलाकडे नव्हतं, स्प्रिंगा विकणाऱ्याकडे नव्हतं, बसवणाऱ्याकडे तर नव्हतंच.

थोडं मुळापासून सांगतो. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकअप वजन पेलत नाही. हे वाक्य मी नोकरीत असताना प्रशिक्षणार्थींना सांगायचो, नंतर गिऱ्हाइकांना सांगू लागलो, आता घरातही सांगून झालं आहे. तरीही ‘गाडी मागून बसलीय, शॉकअप गेले’ हे ऐकावं लागतंच. गाडी मागून बसली असेल तर स्प्रिंग थकलेली असते. शॉकअपचं काम स्प्रिंगच्या हालचालीला आवर घालण्याचं. बँकेच्या काचेच्या दरवाजावर जो क्लोजर असतो तो दार धरून ठेवत नाही, फक्त आपटू देत नाही, तसंच. नळीत तेल, तेलात पिस्टन, पिस्टनला बारीक भोकं आणि पातळ पोलादी चकत्यांच्या झडपा. पिस्टन जितक्या वेगाने सरकेल तितका विरोध. पिस्टन थांबला की विरोध शून्य.

(गॅस भरलेल्या मोनोट्यूब, म्हणजे एकेरी नळीच्या, शॉकअपला एक अपवाद आहे. त्यात पंचवीसेक बारच्या दाबाचा नायट्रोजन असतो. पिस्टनचा दांडा 11 मिलिमीटर जाडीचा धरला तर तो गॅस दांड्याला सतत वीस-पंचवीस किलोच्या जोराने बाहेर ढकलत असतो. त्यामुळे असे शॉकअप टाकले की खाली घेतलेली गाडी मागून एखाद सेंटीमीटर वर येते. मग मालक तक्रार घेऊन येतो, की तुमच्या शॉकअपने लुक घालवला.)

गाडी खाली घ्यायची म्हणजे आखूड स्प्रिंग टाकायची. काही जण जुनीच स्प्रिंग ग्राइंडरने कापतात. सहा वेढ्यांतला एक काढला की गाडी बसते, पण उरलेली स्प्रिंग वीस टक्के कडक होते, हे कापणाऱ्याला माहीत नसतं. त्याहून भयानक म्हणजे गॅस कटरने स्प्रिंग तापवून ‘बसवणं’. त्याने पोलादाचं पाणीच उतरतं. ती स्प्रिंग मग पुढे कधीतरी, कुठेतरी, तिच्या मर्जीने तुटते. कराडच्या मुलाने असलं काही केलं नव्हतं. त्याने परदेशी बनावटीच्या चांगल्या स्प्रिंगा घेतल्या होत्या. डब्यावर ‘30 मिलिमीटर’ छापलं होतं आणि गाडी बसली होती चाळीस. तो म्हणाला, माल डुप्लिकेट असेल. माल अस्सल होता. डब्यावरचा आकडा युरोपातल्या पोलोचा. आपल्याकडची पोलो आपल्या रस्त्यांसाठी मुळातच उंच बसवलेली. आखूड स्प्रिंग दोघींना एकाच ठिकाणी आणून ठेवते, पण आपली गाडी जास्त उंचावरून खाली येते.

आता मागची बाजूच का? पुढे इंजिन असतं, ते जागचं हलत नाही. पुढच्या चाकांवरचं ओझं रोज जवळपास तेच. मागचं ओझं मात्र दिवसागणिक बदलतं. एकटा ऑफिसला निघालेला माणूस आणि दिवाळीला गावी निघालेलं कुटुंब यांत मागच्या ॲक्सलवर अडीचशे-पावणेतीनशे किलोंचा फरक सहज पडतो. प्रत्येक चाकावर एकशेतीस किलो धरा. अशा हॅचबॅकची मागची स्प्रिंग चाकापाशी मोजली तर मिलिमीटरला साधारण सव्वादोन किलो घेते. भागाकार करा: अठ्ठावन्न मिलिमीटर. कुटुंब आत बसल्याबसल्या, गाडी जागची हलण्याआधीच, मागची बाजू जवळपास सहा सेंटीमीटर खाली येते. आणि रिकाम्या गाडीचं मागचं चाक मुळात वर जाऊ शकतं ऐंशी ते शंभर मिलिमीटर, तेही बफर पूर्ण चेपून. बफर म्हणजे दांड्यावरचा तो फोमसारखा रबरी ठोकळा, इंग्रजी पुस्तकांतला बंपस्टॉप. ऐंशीतून चाळीस मालकाने हौसेपायी खर्च केले. उरलेल्या चाळिसात अठ्ठावन्न कसे मावतील? बफरवर बसूनच. स्प्रिंग कडक झाली म्हणून अठ्ठावन्नचे पन्नास झाले, तरी हिशोब जुळत नाही.

मुलाला बसणारा दणका तो हाच होता. एकटा असताना कमी, मागे कोणी बसलं की जास्त. त्यावर आधी कोणीतरी त्याला ‘स्पोर्ट’ शॉकअप टाकून दिले होते: लांबी मूळचीच, फक्त कडक. मग दुसऱ्या कोणीतरी बफर अर्धे कापले होते. बफर कापले की आवाज काही दिवस जातो, कारण मधला अडथळा गेला. मग पिस्टन थेट तळाशी जाऊन आपटायला लागतो. दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये तळाला एक झडप असते, तिचा त्यात चुरा होतो.

मी पुण्यात शॉकअपच्या एका कारखान्यात चाचणी विभागात होतो. तिथे यंत्रावर लाखो फेरे मारून शॉकअप मारले जात, आणि तो कसा मेला हे उघडून बघायचं ही माझी नोकरी. बाहेर पडल्यावर एक जुना डायनो, म्हणजे शॉकअपचा विरोध मोजणारं यंत्र, विकत घेतला, अजून त्याच्यावरच काम करतो. त्या सगळ्यातून हाताला एकच सवय लागली: आधी टेप, मग बाकीचं.

पद्धत सांगतो. मागच्या स्प्रिंगा काढायच्या. शॉकअप बफरशिवाय लावायचा. मग ॲक्सल जॅकने हळूहळू वर घ्यायची आणि काय कशाला आधी लागतं ते बॅटरी घेऊन बघायचं. कधी टायर मडगार्डच्या आतल्या अस्तराला, कधी सायलेन्सरचा पाइप ॲक्सलला, कधी शॉकअपच मिटून संपतो. तिथून थोडं अलीकडे थांबायचं. ती तुमची वरची हद्द. मग खालची हद्द. गाडी उचलली की चाक लोंबतं, तेव्हाही आखूड स्प्रिंग तिच्या वाटीत दाबून बसलेली राहिली पाहिजे. मूळ लांबीचा शॉकअप पूर्ण उघडला तर आखूड स्प्रिंग सैल पडते. जॅकवर ती हाताने गोल फिरते. घाटात एखाद्या उडीत ती वाटीतून निसटू शकते. म्हणजे शॉकअप मिटलेला असतानाही आखूड हवा आणि उघडलेला असतानाही. शॉकअपच्या एका टोकाच्या डोळ्यापासून (म्हणजे बोल्टच्या भोकापासून) दुसऱ्या टोकापर्यंतचे हे दोन आकडे आणि गाडी उभी असतानाची लांबी, एवढं घेऊन कोणी माझ्याकडे आलं तर मी त्याला चहा पाजीन. अजून कोणी आलेलं नाही.

इथे मोनोट्यूबच्या भक्तांना एक गोष्ट सांगायची आहे. मोनोट्यूब हे उत्तम तंत्र आहे. द कार्बोन या फ्रेंच शास्त्रज्ञाची कल्पना, बिल्स्टाइनने 1957 मध्ये मर्सिडीजसाठी उत्पादनात आणली. तेलाला फेस येत नाही, उष्णता पटकन बाहेर जाते. पण त्यात गॅसची खोली आणि तरंगता पिस्टन हे एकाच नळीत, लांबीत बसवावे लागतात. खाली घेतलेल्या गाडीत तुमच्याकडे नेमकी लांबीच नसते. दुहेरी नळीत गॅस बाजूच्या पोकळीत राहतो, लांबी वाचते. म्हणून महागडा पर्याय दर वेळी बरा असं नाही, आणि हे मी स्वस्त विकण्यासाठी बोलत नाही. मी दोन्ही विकतो.

लांबी ठरली की कडकपणा. इथे मला थोडं ताणून बोलायचं आहे. वाचक कंटाळले तरी चालेल, कारण आमच्या धंद्यात यावरून मित्रांमध्ये अबोले झालेत.

समज असा, की स्प्रिंग दीडपट कडक केली तर शॉकअपही दीडपट कडक हवा. चूक. स्प्रिंगचा कडकपणा आणि तिच्यावरचं वजन यांचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ घ्यायचं, त्यावर शॉकअपची गरज ठरते. वर्गमूळ हा शब्द लक्षात ठेवा. स्प्रिंग वीस टक्के कडक झाली तर शॉकअप साडेनऊ टक्के वाढवायचा. तीस टक्के झाली तर चौदा. अगदी दीडपट केली तरी बावीस. नुसती उंची कमी झाली आणि स्प्रिंगचा कडकपणा तोच राहिला, तर शॉकअपमध्ये कडकपणाचा एक टक्काही वाढवायची गरज नाही. हे गणित डिप्लोमाच्या मुलांना येतं, परीक्षेत ते लिहितात, आणि गॅरेज उघडलं की विसरतात.

पुढचं आणखी महत्त्वाचं. शॉकअप दोन दिशांना काम करतो: मिटताना आणि उघडताना. साध्या गाडीत उघडतानाचा विरोध मिटतानाच्या दुप्पट-तिप्पट ठेवलेला असतो, त्याला कारणं आहेत. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच ॲडजस्टेबल शॉकअपची किल्ली प्रामुख्याने उघडतानाचाच विरोध बदलते. कोनीच्या प्रसिद्ध पिवळ्या शॉकअपचंही तसंच. मालक किल्ली शेवटपर्यंत पिळतो. मग काय होतं? चाक खड्ड्यावरून वर येतं चटकन, पण खाली जायला त्याला उशीर होतो. तेवढ्यात दुसरा खड्डा. तेवढ्यात तिसरा. दर वेळी चाक थोडं वरच अडकतं, म्हणजे गाडी थोडी खाली सरकते. खराब पट्ट्यावर शंभर मीटर जाता जाता मागची बाजू पंधरा मिलिमीटर खाली बसलेली असते. उंच गाडीला हे परवडतं. ज्याच्याकडे चाळीसच उरलेत त्याचे पंचवीस होतात, आणि मग गाडी स्प्रिंगवर धावतच नाही, बफरवर धावते. मालकाला वाटतं शॉकअप मऊ आहे म्हणून आपटतंय. तो किल्ली आणखी पिळायला बघतो.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही सांगतो, नाहीतर फोन येतील. ताम्हिणीत जोरात गाडी हाकणारे म्हणतात, कडक शॉकअपने गाडी वळणात झुकत नाही. अर्धं खरं आहे. वळणात शिरताना गाडी झुकण्याचा वेग कमी होतो, त्यामुळे स्टिअरिंग तरतरीत वाटतं. पण लांब वळणात गाडी शेवटी किती झुकते हे स्प्रिंगा आणि अँटीरोल बार ठरवतात. तिथे पिस्टन थांबलेला असतो आणि थांबलेल्या पिस्टनचं मत कोणी विचारत नाही. शिवाय शॉकअपमधला ‘लो स्पीड’ आणि ‘हाय स्पीड’ याचा गाडीच्या वेगाशी संबंध नाही. पिस्टनचा वेग मोजतात. गाडी वळणात झुकताना पिस्टन सेकंदाला दहा सेंटीमीटरच्या आसपास सरकतो. खड्ड्यात मीटरच्या वर जातो, मग गाडी वीसच्या वेगाने का असेना.

आणि वजनाचं पुन्हा येतंच. एका चाकावर दोनशे किलो असताना जो शॉकअप नेमका बसतो, तोच सव्वातीनशे किलो आल्यावर वीस-बावीस टक्क्यांनी दुबळा पडतो. भरलेल्या गाडीसाठी ठरवला तर रिकाम्या गाडीत उड्या मारतो. मधला कुठलातरी आकडा निवडायचा, आणि तो निवडताना समोरच्या माणसाला विचारायचं: मागे कोण बसतं? बहुतेक तरुण म्हणतात, कोणी नाही. बहुतेकांच्या गाडीत मागच्या सीटवर बाळाची खुर्ची किंवा आईची उशी दिसते.

पुढच्या-मागच्या तालाबद्दल, म्हणजे स्प्रिंग किती जलद वरखाली होते त्याबद्दल, एक ओळ. मॉरिस ऑली नावाचा इंग्रज इंजिनिअर रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत कॅडिलॅककडे गेला आणि 1930 च्या दशकात त्याने दाखवून दिलं की मागच्या स्प्रिंगांचा ताल पुढच्यापेक्षा थोडा जलद हवा; कारण उंचवटा पुढच्या चाकांना आधी भेटतो आणि मागच्यांना मागाहून, जलद ताल असला की मागची बाजू पुढचीला गाठते आणि गाडी डुलत नाही. स्प्रिंगांचे संच बदलताना हा ताल बिघडतो. शॉकअपने तो दुरुस्त होत नाही, झाकला जातो. विषय मोठा आहे, सोडून देतो.

जुन्या, एबीएस नसलेल्या काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारी एक झडप असते, ॲक्सल आणि बॉडी यांच्यातलं अंतर बघून ओझं ओळखणारी. गाडी खाली घेतली की तिला वाटतं डिकी भरलीय. ती मागे जास्त ब्रेक सोडते आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी घसरतात. गाडी खाली घेणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना ही झडप असते हेच ठाऊक नसतं. कायद्याचंही तसंच. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत असे बदल गाडीत करता येणार नाहीत. मी हे प्रत्येकाला सांगतो. प्रत्येक जण मान डोलावतो आणि विचारतो, ‘मग कधी आणू गाडी?’ तरी तुम्ही काम घेता, असं कोणी म्हणेल. घेतो. आधीच खाली घेतलेली गाडी निदान नीट चालावी, असं मी स्वतःला सांगतो. हे उत्तर मला सकाळी जितकं पटतं तितकं संध्याकाळी पटत नाही.

गतिरोधकांचं काय, असं विचाराल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणानुसार तो दहा सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद हवा, ताशी पंचवीसच्या वेगाने आरामात ओलांडण्यासारखा. माझ्या शेडच्या गल्लीत एक आहे, उंची बरोबर आहे, रुंदी माझ्या ढांगेएवढी.

तर कराडची पोलो. नळी आणि दांडा दोन्ही आखूड करून मी दुहेरी नळीचे शॉकअप बांधले, मिटलेले आणि उघडलेले दोन्ही तीस मिलिमीटरने कमी. उघडतानाचा विरोध बारा टक्के वाढवला, मिटतानाचा जवळपास मूळचा ठेवला. बफर नवा, आखूड पण उतरत्या आकाराचा, म्हणजे आधी मऊ आणि मग कडक होत जाणारा. डायनोवरचा आलेख इतका स्वच्छ आला की मी तो फाइलमध्ये वेगळा ठेवला. मुलगा गाडी घेऊन गेला, वडिलांना मागे बसवून गावी जाऊन आला. दणका गेला होता. वडिलांचा फोन आला, ‘साहेब, खंबाटकीत पहिल्यांदा झोप लागली.’

मुलगा मात्र नाखूश. ‘काका, दणका नाही, पण गाडी बोटीसारखी वाटते.’ मी त्याला एक्सप्रेसवेवर घेऊन गेलो, शेजारी बसून आलेख समजावला, स्लॅबचे जोड साडेचार मीटरवर असतात आणि शंभरच्या वेगाला सेकंदाला सहा ठोके कसे येतात ते सांगितलं. त्याने सगळं ऐकलं. नंतर दुसरीकडे जाऊन त्याने माझेच शॉकअप उघडून आतल्या चकत्या बदलून घेतल्या, उघडताना भरपूर कडक. मग मुद्दाम मला दाखवायला आला. मी आळंदी रस्त्याला गाडी चालवली. मागची चाकं प्रत्येक खाचेवर जमीन सोडत होती. तो शेजारी हसऱ्या चेहऱ्याने बसला होता. ‘आता कशी धरते बघा!’

मला तिथे काही बोलता आलं नाही. गाडी धरत नव्हती. हे मी यंत्रावर सिद्ध करू शकतो. पण त्याच्या पाठीला, त्याच्या हातांना जे वाटत होतं त्याचा आलेख माझ्याकडे नाही, आणि गाडी त्याने त्यासाठीच खाली घेतली होती. वडिलांनी परत फोन करून ‘त्याला जरा समजवा’ म्हटलं. मी समजावलं नाही. मागच्या सीटवर बसणाऱ्याचं मत शॉकअप निवडताना किती टक्के धरायचं, याचं सूत्र कुठल्याच पुस्तकात नाही.

त्या दुसऱ्या गॅरेजने आणखी एक गोष्ट केली होती, तीही सगळीकडेच होते. शॉकअपच्या खालच्या डोळ्यात रबरी बुश असतो आणि त्याची आतली नळी बोल्टने घट्ट आवळली जाते. गाडी जॅकवर, चाक लोंबत असताना बोल्ट आवळला की बुश त्याच स्थितीत पकडला जातो. गाडी खाली आली की तो रबर कायमचा पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. खाली घेतलेल्या गाडीत पीळ आणखी मोठा. म्हणून बोल्ट आधी हाताने लावायचा, गाडी चाकांवर उतरवायची, दोनदा पुढेमागे ढकलायची, आणि मग खड्ड्यात उतरून शेवटचं आवळायचं. याला जास्तीची पंधरा मिनिटं लागतात. मी ती बिलात वेगळी लावतो, आणि त्या ओळीवरून दर वेळी घासाघीस होते.